काळी एकमध्ये लागलेली खोली

श्रावणात साडेसहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर घरी आले आणि तेव्हापासून एक गोष्ट छळत होती. काही ख्याल ऐकताना तंबोऱ्याखाली जाड घुमारा यायचा. डग्ग्याचे घुमार सुटे ऐकू येण्याऐवजी एकमेकांत मिसळायचे. दुसऱ्या गायकाची रेकॉर्ड लावली की सगळं स्वच्छ. अँप्लिफायर तोच, बसायची जागा तीच, आवाजाची पातळी तीच. काही दिवस मी दोष रेकॉर्डिंगला दिला, मग वायरींना, मग अँपला. आज चार महिन्यांनी खरं कारण हातात आहे, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो. आपल्यापैकी अनेकांच्या हॉलची लांबी आमच्यासारखीच असणार.

आधी खोली सांगतो. पुण्यातल्या साध्या फ्लॅटचा हॉल, साडेसोळा फूट लांब, अकरा रुंद, साडेनऊ उंच. विटांच्या भिंती, वर स्लॅब, खाली दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. मागच्या आखूड भिंतीला दिवाण, समोरच्या भिंतीपाशी स्पीकर. दिवाण बाबांचा. गेली वीस वर्षं ते पहाटे तिथेच तक्क्याला टेकून मिरजेचा तंबोरा घेऊन खर्जाचा रियाज करतात. संध्याकाळी त्याच जागी बसून मी ऐकतो.

गणपती ते दसरा: वायरी

तपकीर गल्लीतून अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणली. स्पीकरबरोबर आलेली वायर अर्ध्या चौरस मिलिमीटरची होती. हिशोब सोपा आहे. तीन मीटर जायचे, तीन यायचे, म्हणजे सहा मीटर तांबं. बारीक वायरीत सुमारे ०.२ ओहम रोध, जाड वायरीत ०.०४. आठ ओहमच्या स्पीकरला बारीक वायरीने ०.२२ डेसिबल जातात, जाडीने ०.०४. पण स्पीकर काही सगळीकडे आठ ओहम नसतो. जिथे तो चार ओहमवर उतरतो तिथे बारीक वायरीचा तोटा ०.४४ पर्यंत जातो. म्हणजे वायर थोडा फरक करते, पण घुमाऱ्याशी तिचा काही संबंध नव्हता.

मित्राने त्याची महागडी स्पीकर वायर महिनाभर वापरायला दिली. तो मनापासून सांगतो की त्याला फरक ऐकू येतो, म्हणून मीही मनापासून तपासलं. मुलीने पडद्याआड वायरी बदलल्या आणि मी वीस वेळा ओळखायचा प्रयत्न केला. अकरा बरोबर. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच आले असते. वायर परत केली. अडीच चौरस मिलिमीटरची वायर तेव्हापासून जागची हललेली नाही.

याच काळात फोनोमधला, म्हणजे रेकॉर्डच्या सुईचा बारीक संकेत मोठा करणाऱ्या भागातला, एक चिरका बझ मात्र गेला, आणि तो पंख्याच्या रेग्युलेटरचा निघाला. जुना गोल इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लहर कापून वेग कमी करतो. त्या कापलेल्या कडा फोनो स्टेजसारख्या नाजूक सर्किटमध्ये सहज शिरतात. वायरमनकडून कपॅसिटरवाला, टप्प्याटप्प्याने फिरणारा रेग्युलेटर बसवून घेतला आणि बझ थांबला. एवढ्या कमी खर्चात इतका मोठा फरक मी दुसऱ्या कशानेही केलेला नाही. बझ किंवा हम घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ती पिन जिवासाठी असते.

कोजागिरी: टर्नटेबलची गती

बाबांना एक एलपी किंचित चढी वाटत होती. त्यांचा कान मी धरून चालतो, म्हणून स्ट्रोब चकती काढली. लुकलुकत्या दिव्याखाली तिच्यावरच्या रेघा स्थिर दिसल्या की गती बरोबर. इथे एक अडचण आली. माझ्या चकतीवरच्या बाहेरच्या वर्तुळात २१६ रेघा आहेत, त्या ६० हर्ट्झच्या विजेसाठी. आपली वीज ५० हर्ट्झची, तिला साडेतेहतीस नव्हे, नेमक्या ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघांचं वर्तुळ लागतं. त्यात घरातले एलईडी दिवे पुरेसे लुकलुकत नाहीत, त्यामुळे रेघा दिसतच नव्हत्या. शेवटी माळ्यावरची जुनी ट्यूबलाइट चोकसकट खाली काढली. रेघा हळूहळू पुढे सरकत होत्या. गती सुमारे एक टक्का जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक टक्का म्हणजे सतरा सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट होतात), आणि तंबोरा घेऊन रोज बसणाऱ्या माणसाला सतरा सेंट टोचतात. मोटरखालच्या स्क्रूने गती जागेवर आणली. त्याच बैठकीत काट्यावर सुईचा भार तपासला. माझ्या कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या डबीला, एटी-व्हीएम ९५ ई ला, दोन ग्रॅम सांगितलाय, माझा १.७ निघाला. तोही नीट केला.

घुमारा होता तिथेच होता.

दिवाळीनंतर: वही

शेवटी वही केली. कुठली रेकॉर्ड घुमते आणि कुठली नाही, एवढंच लिहायचं. तीन आठवड्यांत एकतीस नोंदी झाल्या. फराळाच्या ताटाशेजारी वही उघडी होती. बाबांनी ती सहज चाळली आणि म्हणाले, "अरे, तू घुमतात म्हणून लिहिलेल्यांतले बहुतेक सगळे काळी एकचे आहेत."

काळी एकचे म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून गाणारे. मी त्या रात्री गणित मांडलं. पुण्यात तेव्हा घरात २८ अंश होते. त्या तापमानाला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४८ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये आवाज ज्या कंप्रतेला उभा राहतो, म्हणजे परतून स्वतःतच भर घालतो, ती काढायची तर वेगाला लांबीच्या दुपटीने भागायचं. साडेसोळा फूट म्हणजे ५.०३ मीटर. पहिली कंप्रता ३४.६ हर्ट्झ. मग तिच्या पटी: ६९.२, १०३.८, १३८.४.

आता काळी एकच्या मर्दानी तंबोऱ्याच्या तारा बघा. खरज ६९.३. पंचम सुमारे १०४. जोड, म्हणजे मधल्या दोन तारा, १३८.६.

मी ते आकडे शेजारी शेजारी लिहून बराच वेळ नुसता बघत बसलो. खोलीची लांबी म्हणजे एक तार धरली तर ती तार खर्जाच्याही खाली एक सप्तक, अगदी काळी एकला लागलेली होती. आमच्या हॉलमध्ये काळी एकचा कुणीही गायला की खोली त्याच्या सुरात सूर मिसळणार. पांढरी दोनचा गायला तर ती गप्प.

खात्रीसाठी मोजणीचा माईक, यूमिक-१, उसना आणला आणि रूम ईक्यू विझार्डमध्ये स्वीप घेतला, म्हणजे खालून वर सरकणारा सूर वाजवून मोजणी केली. ते सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ज्याच्या घरी स्पीकर आहेत त्याने वायर बदलायच्या आधी ते उतरवून घ्यावं. दिवाणावर, माझ्या कानाच्या जागी, ६९ हर्ट्झला आजूबाजूपेक्षा १२ डेसिबलचं शिखर होतं. त्याहून वाईट म्हणजे तो सूर विझायला अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ घेत होता. डग्ग्याचे घुमार एकमेकांत का मिसळतात ते तिथे दिसलं.

परदेशी सल्ले आपल्याकडे अर्धवट का लागू पडतात, तेही इथेच कळतं. ते सल्ले पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर प्लास्टरबोर्ड ठोकलेल्या घरांसाठी असतात. तशी भिंत खालच्या सुरांना थोडी लवते आणि त्यातला काही भाग गिळते. वीट आणि काँक्रीट लवत नाहीत, आलेला खर्ज जवळजवळ जसाच्या तसा परत पाठवतात. तसंच स्पीकरखाली स्पाइक, म्हणजे टोकदार पाय, लावा म्हणतात, पण ते मुख्यतः गालिचा अंथरलेल्या जमिनीसाठी. स्लॅबवर त्याने मला काही मिळालं नाही, फक्त टाइलला चरे पडले.

मार्गशीर्ष: सरकवासरकव

पहिला विचार कोपऱ्यांत रॉकवूल, म्हणजे दगडापासून केलेली लोकर, भरायचा होता. पण ६९ हर्ट्झची लहर पाच मीटर लांब. तिला पुरती पकडायला सच्छिद्र वस्तू चारेक फूट जाड हवी. चार इंची पॅनेल तिला लागतही नाही. कंप्रतेला बांधलेले लाकडी पेटीचे सापळे करता येतात, सुताराशी बोलणंही झालं होतं. बाबांना सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे खोली आस द्यायची बंद होईल का?"

आस म्हणजे सुराचं मागे रेंगाळत राहणं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते वीस वर्षं त्याच भिंतीला का टेकून बसतात. भिंतीलगत प्रत्येक उभ्या लहरीचा दाब सगळ्यात जास्त असतो. ते पंचमाला खाली उतरले की खोली त्यांच्या आवाजाला आधार देते. मी ज्याला १२ डेसिबलचा दोष म्हणत होतो, त्यावर त्यांचा रियाज उभा होता. गायला ही खोली फार चांगली आहे. रेकॉर्डमध्ये मात्र दुसऱ्याच एका खोलीची आस आधीच भरलेली असते, आणि तिच्यावर आमच्या खोलीने आपली आस चढवली की गढूळ होतं.

सापळे रद्द केले. खोलीला हात लावायचा नाही, फक्त मी आणि स्पीकर हलायचं, असं ठरवलं.

६९ हर्ट्झच्या लहरीचा दाब दोन्ही भिंतींपाशी आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जास्त, आणि दोन्हीकडून चौथ्या हिश्शावर, म्हणजे चार फुटांवर, जवळजवळ शून्य. दोन फुटी टाइल्स इथे आलेखाच्या कागदासारख्या उपयोगी पडल्या, सांधे मोजत गेलं की झालं. वेताची खुर्ची दिवाणापुढे ठेवली. डोकं भिंतीपासून चार फुटांवर आणलं तर घुमारा गेला, पण डग्ग्याचं अंगही गेलं, खरज पोकळ लागायला लागला. तीन फुटांवर आलो. गणिताने साडेसात डेसिबल उतरायला हवे होते, माईकने सात दाखवले. बाराचे पाच झाले.

मग स्पीकर. ते भिंतीपासून फुटावर होते. तिथून ती लहर सगळ्यात जोरात हलते. भिंतीपासून सव्वातीन फुटांवर आणले. पाचाचे दोन झाले. हॉल रहदारीचा आहे, त्यामुळे ऐकून झालं की स्पीकर मागे सरकवावे लागतात. स्टँडचे कोपरे कुठे यायचे तिथे टाइलवर टेपच्या खुणा केल्यात, ठेवायला एक मिनिट लागतं.

वरच्या सुरांचं काम वेगळं आणि सोपं होतं. टाळी वाजवली की टाइल आणि स्लॅबमध्ये चर्र असा पडसाद यायचा. स्पीकर आणि खुर्चीच्या मध्ये सोलापुरी सतरंजी, तिच्याखाली जुनी गोधडी. बाजूच्या भिंतींवर मुलीने आरसा धरून फिरवला. खुर्चीतून ज्या ठिकाणी स्पीकर आरशात दिसला तिथे रॉकवूलची चार इंची पॅनेलं, घनमीटरला ४८ किलोची, मांजरपाटात शिवून टांगली. बाबांच्या दिवाणामागच्या भिंतीवर काहीच नाही.

डिजिटल प्लेअरमध्ये ६९ हर्ट्झला ईक्यूने, म्हणजे ठरावीक कंप्रता कमी-जास्त करण्याच्या सोयीने, खाली ओढूनही पाहिलं. एका खुर्चीपुरतं ते बऱ्यापैकी काम करतं. पण एलपी त्या वाटेने जात नाहीत आणि माझं निम्मं ऐकणं एलपीवर आहे, म्हणून ते सोडून दिलं.

आता

परवा रात्री तोच ख्याल लावला जो श्रावणात सगळ्यात जास्त घुमत होता. पंखा बंद केला. डिसेंबरात ती एक चैन परवडते. तंबोरा सुरू झाला आणि खर्जाच्या तारेतून वर काहीतरी चमकताना ऐकू आलं. स्वयंभू गंधार. खर्जाच्या पाचपट, ३४६ हर्ट्झच्या आसपास. चांगली जवारी (घोडीवर तारेला झणकार देणारी बैठक) लावलेल्या तंबोऱ्यात तो आपोआप निघतो, आणि या रेकॉर्डमध्ये तो सुरुवातीपासून होता. खालच्या घुमाऱ्याने तो झाकून टाकला होता. मी बाबांना खुर्चीत बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. त्यांनी डोळे मिटले आणि एक बोट वर केलं, शिष्याचा गंधार बरोबर लागला की करतात तसं.

थंडीचा एक परिणाम नोंदवून ठेवतो. आता रात्री घरात २० अंश असतात, ध्वनीचा वेग ३४३ वर येतो आणि खोलीचा खरज ६८.२ ला उतरतो. मे महिन्यात ३५ अंशांना तो ७० च्या आसपास जाईल. हा फरक अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून थोडा कमी आहे, तरी उन्हाळ्यात पुन्हा स्वीप घ्यायला हवा.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. स्पीकर भिंतीपासून मीटरभर आले की त्यांच्या मागच्या भिंतीवरून परतलेला आवाज ८७ हर्ट्झच्या आसपास मूळ आवाजाला छेद देतो. माईकवर तिथे चार डेसिबलचा खड्डा आहे. काळी एकमध्ये तो जवळजवळ मंद्र गंधारावर येतो. पुढच्या महिन्यात स्पीकर दोन दोन इंचांनी, अर्ध्या फुटापर्यंत पुढेमागे करून प्रत्येक जागेचा स्वीप घेणार आहे. टेपच्या नव्या खुणा लाल रंगात करेन, म्हणजे जुन्या जागेवर परत येता येईल.