झिनालला वाट पाहताना

स्वित्झर्लंडमधील सिएर-झिनाल ही १९७४ पासून चालत आलेली ३१ किलोमीटरची डोंगरी शर्यत असून तिच्यात सुमारे २,२०० मीटरचा चढ चढावा लागतो. नामांकित धावपटूंच्या बऱ्याच आधी, अंधारातच सुटणाऱ्या हौशी गटातून पत्नी निघाली आणि मी तिचे जाकीट, कोरडे मोजे व चिवड्याचा डबा सांभाळत पिवळ्या पोस्टबसने वळणे घेत झिनाल गावी पोहोचलो. सोबत्याचे काम म्हणजे वाट पाहणे. तेही, खरे सांगायचे तर, दमवणारेच. गुरांच्या गळ्यातील घंटा हाती घेऊन गावकरी येईल त्याच्यासाठी वाजवत होते. अखेरच्या तीव्र उतारावर ती दिसली तेव्हा गुडघ्याला माती लागली होती. पुढे केलेल्या जाकिटाकडे न पाहता तिने आधी चिवडा मागितला.