अँबी अपडेट: पंप निर्दोष सुटला, चोर टाकीत निघाला

मागच्या अपडेटमध्ये, गाडी घाटात बंद पडते म्हणून इंजिनाला डिझेल मोजून देणारा पंप कॅलिब्रेशनला सांगलीला गेलाय इथपर्यंत सांगितलं होतं. तर पंप आला, बसवला, टायमिंग मिळवलं आणि गाडी अशी पळायला लागली की पेढे वाटायचेच काय ते बाकी राहिले होते. आणि मग पुन्हा साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट आणि पुन्हा तेच रडगाणं, आधी अ‍ॅक्सिलरेटर दाबलेला असूनही जीव जातो, मग हंटिंग (इंजिनाचा आवाज आपोआप वर-खाली), मग गचके आणि मग बंद. मागं कासला निघालेल्या गाड्यांची रांग, त्यांचे हॉर्न, आणि मी बॉनेट उघडून हँड प्रायमर (लाईनमध्ये हातानं डिझेल ओढायचं बटण) दाबतोय. प्रायमर मऊ लागतो, दाबत राहिलं की कडक होतो, सेल्फ मारला की गाडी चालू, जणू काही झालंच नाही. म्हणजे एअर, डिझेलच्या लाईनमध्ये हवा. म्हणजे पंपावर घातलेले पैसे... जाऊ दे, तो विषय नको.

नवीन मंडळींसाठी एवढंच: अँबी म्हणजे अँबॅसडर २००० डीएसझेड, इसुझूचं ४एफसी१ इंजिन, १९९५ सीसी, व्हीई रोटरी पंप. आधी एका साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांच्या दिमतीला, नंतर बरीच वर्षं शेडमध्ये धूळ खात उभी.

सांगलीच्या पंपवाल्यांना फोन केला तर त्यांचं ठरलेलं उत्तर, "साहेब, हल्लीच्या डिझेलनं जुनी रबरं आकसतात, शाफ्ट सील एअर घेत असणार, परत पाठवा." त्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ डिझेल आलं, सल्फर ५० पीपीएमवरून १० वर आलं, आणि जुन्या पंपांची सील गळायला लागल्याच्या तक्रारी मीही भरपूर ऐकल्यात. पण सील नुकतीच नवी टाकली होती, त्यांनीच. मग म्हटलं परत पंप उतरवायच्या आधी तो खरंच गुन्हेगार आहे का ते तरी बघू.

पहिलं, करंट. व्हीई पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह) १२ व्होल्ट क्षणभर जरी तुटला तरी गाडी बंद पडते, आणि आमच्या इग्निशन स्विचचं वय बघता संशय रास्त होता. बॅटरीपासून सोलेनॉइडला डायरेक्ट वायर टाकली, मधे फ्यूज. (असं केलं की चावी फिरवून इंजिन बंद होत नाही, वायर उपटावी लागते, घरच्यांना आधी सांगून ठेवा.) तरी घाटात बंद पडलीच. इलेक्ट्रिकल बाद.

दुसरं, लेव्हल पाईप. गवंडी लोक पाणी भरून लेव्हल बघायला वापरतात ना, तोच पारदर्शक पाईप, हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळतो. ८ एमएम आतून, दोन तुकडे, एक टाकीकडून फिल्टरला येणाऱ्या लाईनमध्ये आणि एक फिल्टर ते पंप. ऑनलाइन 'डायग्नोस्टिक किट' म्हणून हाच पाईप दोन क्लॅम्पसकट कसल्या कसल्या किमतीला विकतात, बघून हसू येतं. हा पाईप डिझेलनं काही दिवसांत कडक होतो, त्यामुळं कायमचा ठेवू नका, टेस्टपुरता ठीक.

गाडी घरासमोर आयडलला ठेवली तर दोन्ही पाईप काचेसारखे स्वच्छ. घाटात नेली, मित्राला स्टिअरिंगवर बसवलं, गचके सुरू झाल्या झाल्या कडेला घेतली आणि इंजिन चालू असतानाच बॉनेट वर. आणि दिसलं! टाकीकडच्या पाईपात मोहरीएवढे बुडबुडे, एकामागं एक, मधेच एखादा बोटाच्या पेराएवढा लांब. फिल्टरच्या आधीच एअर येतेय म्हटल्यावर फिल्टर, प्रायमर, पंपाचं सील सगळे एका फटक्यात सुटले. एवढा आनंद नवा क्लच बसवल्यावरसुद्धा झाला नव्हता.

तरी पंपवाल्यांच्या समाधानासाठी कॅनची टेस्ट केली. बॉनेटमध्ये पाच लिटरचा कॅन बांधला, पंपाची सक्शन (डिझेल ओढणारी लाईन) त्यात आणि रिटर्नसुद्धा त्यातच. रिटर्न विसरू नका, व्हीई पंप जळतं त्यापेक्षा कितीतरी जास्त डिझेल ओढतो आणि उरलेलं परत पाठवतो, रिटर्न टाकीकडेच राहिली तर कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅनवर गाडी यवतेश्वर, कास रस्ता, परत खाली, एक गचका नाही. पंप आणि नोझल दोघांना क्लीन चिट.

म्हणजे उरली टाकी ते फिल्टर लाईन. आमच्याकडं मिस्त्री लोक गळती म्हटली की ओल शोधतात, पाईपवर हात फिरवतात, कोरडा आहे म्हणजे ओके. पण ही सक्शन लाईन आहे. चालू गाडीत तिच्यात बाहेरच्यापेक्षा दाब कमी असतो, त्यामुळं डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. थेंब पडायचा प्रश्नच नाही. सगळी रबर होज बदलली, बँजोचे (पोकळ बोल्टच्या जोडाचे) कॉपर वॉशर बदलले, आणि पट्टीवाले वर्म ड्राइव्ह क्लॅम्प फेकून नटबोल्टवाले गोल क्लॅम्प लावले. लहान होजला ते पट्टीवाले क्लॅम्प कधीच गोल बसत नाहीत, एका बाजूला रबर कापतात, कोण विकतं आणि का विकतं कळत नाही. एवढं करून टाकी फुल केली, आठवडाभर गाडी झकास.

आणि मग पुन्हा घाट, पुन्हा बुडबुडे.

इथं मात्र मी जाम वैतागलो होतो, गाडी शेडमध्ये लोटून विकायची भाषासुद्धा झाली घरात. मग रात्री सहज गाडीची वही काढली, म्हणजे ज्यात मी कधी काय केलं ते लिहितो ती, आणि वहीतच खोचलेल्या डिझेलच्या पावत्या. तारखा शेजारी शेजारी लावल्या आणि डोकंच भणाणलं. प्रत्येक दुरुस्तीनंतर टाकी फुल केलेली. नोझल केली, फुल. पंप केला, फुल. होज बदलली, फुल. काम झालं की माणूस खुशीत पेट्रोल पंपावर जातोच. आणि बंद पडलेली प्रत्येक वेळ काटा अर्ध्याच्या आसपास किंवा खाली असताना. मागं एकदा कराडला जाताना हायवेला सपाटीवर बंद पडली होती, तेव्हा तर काटा रिझर्व्हला टेकलेला. म्हणजे आत्तापर्यंत दुरुस्ती कुठलीच लागू पडली नव्हती, लागू पडत होतं ते डिझेल!

आता हिशोब सोपा. टाकीच्या आत जो उभा सक्शन पाईप असतो त्याला मधेच कुठंतरी छिद्र असणार. डिझेल त्याच्या वर असेपर्यंत छिद्रातूनही डिझेलच ओढलं जातं, काही कळत नाही. लेव्हल खाली गेली की तिथून हवा. आणि घाटात नाक वर झालं की टाकीतलं डिझेल मागं सरकतं, छिद्र लवकर उघडं पडतं, म्हणून अर्ध्या टाकीला घाटात बंद आणि सपाटीवर एकदम शेवटी.

टाकी उतरवली. तळाला लाल गाळ निघाला, कारखान्याच्या शेडचा प्रसाद. सक्शन पाईप बाहेर काढला तर दिसायला ठणठणीत, वरवर गंज, बाकी काही नाही. खालचं तोंड रबरी बुचानं बंद केलं, वरून सायकलचा पंप जोडला आणि पाण्याच्या बादलीत बुडवला (बादली आता माझीच झाली आहे, घरात परत घेणार नाही असं स्पष्ट सांगण्यात आलंय). दोन दणके मारले आणि पाईपच्या मधोमध, जिथं तो हलू नये म्हणून पट्टी टाचलेली आहे, त्या टाचणीच्या मागून बुडबुड्यांची माळ. सुकवून टॉर्च लावून बघितलं तर नखानं जाणवेल न जाणवेल अशी चीर. एवढ्याशा चिरेनं वर्षभर नाचवलं.

कोडोलीच्या गॅस वेल्डिंगवाल्या काकांकडं नेला. ते म्हणाले चीर झाळून देतो, मी म्हटलं नको, अख्खा पाईपच नवा करू, एके ठिकाणी फुटलाय म्हणजे गंजानं बाकीही पातळ झालेला असणार. एकानं तांब्याची नळी टाकायचा सल्ला दिला होता, त्यालाही नाही म्हटलं, डिझेल तांब्याच्या सहवासात लवकर खराब होतं, गोंदासारखा थर धरतो. ट्रकच्या लाईनची ८ एमएमची स्टीलची नळी घेतली, काकांनी वरच्या प्लेटला पितळेनं झाळली. काम इतकं सुबक की टाकीत लपवायला जीवावर आलं. पैसे किती घेतले सांगितलं तर पंपवाल्यांना झोप लागणार नाही.

टाकी धुऊन, सुकवून, नवी जाळी लावून चढवली, आणि यावेळी मुद्दाम डिझेल कमीच भरलं, काटा पावच्या थोडा वर. चार माणसं बसवली आणि यवतेश्वर. तिसरा गिअर, मधे एका ट्रकमागं दुसरा, लेव्हल पाईपात एक बुडबुडा नाही. वर जाऊन चहा मारला, परत खाली, परत वर. हौस.

इलेक्ट्रिक फीड पंप लावायचं म्हणत होतो, ते आता रद्द. तसंही टाकीतल्या छिद्रापुढं तोही हवाच ओढत बसला असता. त्या पैशात वॉटर सेपरेटर घेणार होतो, टाकीतला गाळ बघून तो लागणारच. पण लिहिता लिहिता सुचलं, सेपरेटर खालून पारदर्शक बाऊलवाला घेतला आणि फिल्टरच्या आधी बसवला तर पाणी, गाळ आणि एअर तिन्ही एकाच ठिकाणी दिसेल, लेव्हल पाईपची गरजच नाही. फक्त जोड वाढतात आणि सक्शनला प्रत्येक जोड म्हणजे नवी शंका. बघू, बहुतेक घेतोच.

आता उरलंय सकाळचं मिसिंग, म्हणजे एखादा सिलिंडर काम न करणं. थंडीत चालू झाल्यावर मिनिटभर थरथर आणि पांढरा धूर, गरम झाली की गुळगुळीत. एअर गेल्यावर हेही जाईल असं वाटलं होतं, गेलं नाही. काल सकाळी आयडलला एकेक सिलिंडरच्या नोझलची युनियन (पाईपचा नट) अर्धा आटा सैल करून बघितली (चष्मा लावा, हात लांब ठेवा). एक, दोन, चार सैल केले की इंजिन लगेच पडतं, तीनला ढिम्म फरक नाही. दहा मिनिटांनी गरम झाल्यावर तीन नंबरही काम करायला लागला. म्हणजे हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा) गेला असावा, प्लग जोडणारी पट्टी काढून मीटरवर बघितलं तर बाकीचे तीन एक ओहमच्या आत दाखवतात आणि तीन नंबर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. पुण्याच्या जुन्या बाजारात 'ओरिजनल' म्हणून मिळतात ते प्लग मी घेणार नाही, मागच्या वेळचा एक टोकाला फुगून हेडमध्येच अडकला होता, तो काढताना काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल.

प्लग निघालाच आहे तर त्याच भोकातून चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन बघून घ्यावं म्हणतोय. ४एफसी१ च्या हीटर प्लगच्या आट्याला बसणारा डिझेल कॉम्प्रेशन गेजचा अ‍ॅडॅप्टर सातारा, कराड, कोल्हापूर पट्ट्यात कुणाकडं असेल तर कळवा, येऊन घेऊन जातो. नाहीच मिळाला तर जुन्या प्लगची बॉडी घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवर करून घेईन, तसंही सेपरेटरचं ब्रॅकेट तिथंच बनवायचंय.