बॅट न धरता आऊट

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की क्रीडाशिक्षकाला काय काय करावं लागतं ते विचारू नका. पहाटे मैदानावर फक्की मारा, पोरांची ओळखपत्रं तपासा, पाण्याचे जार मोजा. माझ्या वाट्याला मात्र बरीच वर्षं बेसबॉलचं स्कोअर टेबल येतंय, कारण तिथे बसायला दुसरं कोणी तयार नसतं. क्रिकेटचा स्कोअर लिहिणारे गल्लोगल्ली सापडतात. बेसबॉलचा कागद बघितला की चांगले चांगले सर चहाच्या निमित्ताने उठून जातात.

खरं तर हा कागद क्रिकेटच्या नात्यातलाच. तो रुळवणारा हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा, अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहिता लिहिता बेसबॉलकडे वळलेला. ठरलेल्या क्रमाने प्रत्येक बॅटरला एक आडवी ओळ, प्रत्येक इनिंगला एक उभा रकाना, आणि जिथे दोन्ही मिळतात त्या चौकटीत छोटासा डायमंड, म्हणजे चार बेसचा चौकोन. क्षेत्ररक्षकांना जागेनुसार आकडे ठरलेले: पिचर १, कॅचर २, पहिला बेसमन ३, दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसकडे फेकला आणि बॅटर आऊट झाला, की लिहायचं ६-३. मी पेन्सिलच वापरतो. पेनवाल्याची दुसऱ्या इनिंगपर्यंत फजिती होते.

त्या दिवशी विभागीय सामना होता, सतरा वर्षांखालच्या मुलांचा. शेजारी अकरावीतली एक मुलगी बसली होती. स्वतः सॉफ्टबॉल खेळणारी, स्कोअरिंग शिकायला आलेली. पाचवी इनिंग, बॅटिंग करणारा संघ ५-६ असा मागे, दोन आऊट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू. पाळी सातव्या बॅटरची. बॉक्समध्ये जो पोरगा येऊन उभा राहिला त्याच्या पाठीवर मार्करने २३ लिहिलेलं. माझ्या कागदावर सातव्या ओळीत १४ होता. २३ आठव्या ओळीत.

मुलीलाही ते दिसलं. "सर, हा तर..." एवढंच ती बोलली आणि मी टेबलाखालून तिच्या बुटावर बूट ठेवला.

इथे थोडं थांबून सांगावं लागेल. चुकीच्या क्रमाने बॅटर आला तर ते पंचांनी सांगायचं नाही, स्कोअररनेही नाही. नियमपुस्तकात स्कोअररला ही मनाई स्पष्ट शब्दांत आहे. चूक पकडायची ती समोरच्या संघाने, आणि तीही पुढच्या बॅटरला पहिला चेंडू पडायच्या आत. तेवढ्यात पकडली तर ज्याची पाळी होती तो आऊट, आणि चुकीच्या बॅटरच्या फटक्यावर झालेलं सगळं रद्द. पुढचा चेंडू पडला की झालेली चूक कायदेशीर. मला हा नियम पटतो. मी तोंड उघडलं तर मी एका संघाचा दहावा खेळाडू झालो. पण पटणं वेगळं आणि त्या क्षणी गप्प बसणं वेगळं. घशाशी आलेलं गिळताना कान तापतात.

२३ नंबरने सेंटर फील्डच्या डोक्यावरून चेंडू काढला. दोन रन. ७-६. फिल्डिंग करणाऱ्या संघाचे सर आपल्या सेंटर फील्डरवर ओरडण्यात गुंतलेले. माझी पेन्सिल कागदावर टेकलेली, नजर मुद्दाम खाली. मान वर केली असती तर चेहऱ्यावरून कळलं असतं.

एवढ्यात बॅटिंगवाल्या सरांच्या लक्षात आलं की सातवा राहिला. त्यांनी घाईघाईने १४ नंबरला पाठवलं आणि दुसरी चूक केली. त्याला पहिला चेंडू पडला तसा आठव्याचा फटका कायदेशीर झाला, आणि आठव्यानंतर पाळी नवव्याची. सातव्याला चार बॉल, म्हणजे पट्ट्याबाहेरचे चार चेंडू मिळाले, तो चालत पहिल्या बेसवर गेला. या वेळी मात्र समोरचा कॅचर, किरकोळ अंगाचा पोरगा, मास्क वर सरकवून पंचांना म्हणाला, "सर, अपील. ऑर्डर चुकली."

पंच टेबलाकडे आले. आता विचारल्यावर सांगायला मला मोकळीक होती. मी कागद फिरवून त्यांच्यासमोर धरला. नववा आऊट, तीन आऊट, इनिंग संपली. आठव्याचे दोन रन कायम.

पुढच्या दोन इनिंगमध्ये कुणालाच रन मिळाली नाही. सामना ७-६ वर संपला आणि हरलेल्या संघाचे सर तडक माझ्याकडे आले. "तुम्हाला आधीच दिसलं होतं ना? मग बोलला का नाहीत? माझ्या पोरांची राज्य स्पर्धा गेली." मी नियमपुस्तक उघडून दिलं. त्यांनी ते न बघताच मिटलं. जिंकलेल्या संघाचे सरही नाराजच होते, त्यांचा पोरगा न खेळता आऊट दिला म्हणून. एकाच कागदावर दोन्ही बाजू नाराज असण्याची माझी ही पहिलीच वेळ.

टेबल आवरत असताना तो नववा बॅटर आला. हेल्मेट अजून डोक्यावरच.

"सर, मी आऊट कसा? मी तर बॅटपण हातात धरली नव्हती."

मी त्याची चौकट दाखवली. त्यात आऊटची खूण आणि २ हा आकडा.

"दोन म्हणजे कॅचर ना? त्यानं मला कुठं आऊट केलं?"

"असं झालं की आऊट कॅचरच्या नावावर लिहायचा असतो, बाळा."

त्याने वाकून कागद नीट पाहिला. मग सातव्या ओळीतल्या कोऱ्या चौकटीवर बोट ठेवलं. "याचं काहीच नाही लिहिलं?"

"नाही."

"पण तो चालत पहिल्या बेसवर गेला होता, सर. सगळ्यांनी बघितलं."

"हो," मी म्हटलं, "मीपण बघितलं."