शटडाउनची साडेतीन मिनिटं

"ताई, कॉम्प्युटर बंद झाला का? शटर ओढू?"

रोज रात्री साडेनऊला दुकानात मदतीला असणाऱ्या मुलाचा हा प्रश्न ठरलेला. माझं उत्तरही तेच, "थांब जरा, गोल फिरतंय अजून."

बार्शीत माझं टायपिंग-डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नसराईच्या तोंडावर एका ऑफिसातून निघालेलं जुनं मशीन घेतलं. विंडोज 10, 8 जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. कामाला चांगलं, पण बंद व्हायला किती वेळ घेतं ते मोबाइलवर मोजलं तर 3 मिनिटं 25 सेकंद.

नुसता उशीर असता तर सोसला असता. पण लाइट गेली की आमचा यूपीएस जेमतेम चार मिनिटं टिकतो. एका संध्याकाळी मशीन बंद होता होताच यूपीएसने मान टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊण तास डिस्कची तपासणी चालली होती आणि पत्रिकेचं गिऱ्हाईक समोर खुर्चीत बसून होतं. त्या दिवशी ठरवलं, हे मशीन बंद होताना नक्की काय करतं ते बघायचंच.

आधी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सगळ्या सेटिंग जिथे साठतात तिथे, 'व्हर्बोज स्टेटस' 1 केलं. त्याने नुसत्या 'शटिंग डाउन'ऐवजी कुठली पायरी चालली आहे ते पडद्यावर दिसतं. सर्व्हिसेस, म्हणजे पडद्याआड चालणारे प्रोग्राम, थांबवण्याच्या ओळीवर मशीन बराच वेळ अडकलं. ते सुटलं, मग मजकूर बदलायचाच थांबला. कॅबिनेटवरचा डिस्कचा लाल दिवा मात्र न लुकलुकता सलग पेटलेला. मशीन अडकलं नव्हतं, काहीतरी लिहीत होतं.

काय लिहीत होतं ते रजिस्ट्रीतच सापडलं. 'मेमरी मॅनेजमेंट'खाली 'क्लिअर पेज फाइल ॲट शटडाउन' 1 वर होतं. रॅममध्ये न मावणारं सामान विंडोज डिस्कवरच्या पेज फाइलमध्ये ठेवतं. ही सेटिंग चालू असली की बंद होताना ती सगळी फाइल शून्यं लिहून पुसली जाते, म्हणजे डिस्क कुणाच्या हाती लागली तरी त्यातून काही वाचता येऊ नये. ऑफिसात त्याला अर्थ असेल. आमची पेज फाइल 12 जीबीची, आणि डिस्क सेकंदाला साधारण 80 एमबी लिहिणारी. गणित करा, अडीच मिनिटं तिथेच गेली.

ही सेटिंग बंद करण्याआधी मी दोन दिवस विचार केला, कारण लोकांची प्रतिज्ञापत्रंही माझ्याकडे टाइप होतात. पण डिस्कला एन्क्रिप्शन, म्हणजे पासवर्डाशिवाय न उघडणारं कुलूप, नाही, त्यामुळे डिस्क नेणाऱ्याला मूळ फाइलीच मिळणार. नुसती पेज फाइल पुसून त्या कशा सुरक्षित राहतील? शून्य केलं.

उरलं सर्व्हिसेसचं अडकणं. विंडोज स्वतःच्या नोंदी ठेवतं, त्या दाखवणाऱ्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'डायग्नोस्टिक्स-परफॉर्मन्स'ची एक वही असते. त्यात 200 नंबरची नोंद म्हणजे शटडाउनला लागलेला वेळ, आणि 203 म्हणजे कुठल्या सर्व्हिसने उशीर केला ते. वेळ मिलिसेकंदांत लिहिलेला असतो. आमच्याकडे 203 मध्ये पुन्हा पुन्हा एकाच प्रिंटरचं नाव. तो प्रिंटर माझ्या दुकानात कधी नव्हताच, ऑफिसातलाच राहिलेला. त्याचं सॉफ्टवेअर काढून टाकलं.

इथे एक सांगते. सर्व्हिस थांबायला विंडोज किती वाट बघतं त्याचा आकडा 'वेट टू किल सर्व्हिस टाइमआउट'मध्ये असतो. विंडोज 10 मध्ये तो मुळात 5000, म्हणजे 5 सेकंद. आमच्या मशीनवर कुणीतरी 60000 करून ठेवला होता, तो परत 5000 केला. तो 1000 वर आणा असं सांगणारे बरेच भेटतील, पण ऐकू नका. हिशेबाचं सॉफ्टवेअर शेवटच्या नोंदी लिहीत असताना त्याचा गळा दाबला तर सकाळी डेटा दुरुस्त करत बसावं लागेल.

विंडोज 8 पासून आलेलं 'फास्ट स्टार्टअप', म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होण्यासाठी बंद होताना विंडोजचा काही भाग डिस्कवर साठवून ठेवणं, आमच्याकडे आधीच बंद होतं. तुमच्याकडे चालू असेल तर एकदा शिफ्ट दाबून शटडाउन द्या, म्हणजे पूर्ण शटडाउन होतो, आणि दोन्ही वेळा मोजून बघा.

आता 31 सेकंद लागतात.

काल सातला लाइट गेली. पत्रिकेत नवरदेवाच्या मामांची नावं चालली होती. फाइल सेव्ह करून शटडाउन दिलं. मशीन बंद झालं तरी यूपीएसची कुईकुई चालूच होती. मुलाने वाकून त्याचं बटण बंद केलं आणि मेणबत्ती शोधायला गेला.