आधी डोंगर, मग पाणचक्की: संभाजीनगरच्या पाण्यामागची वाट

पाणचक्की बहुतेक जण बीबी का मकबऱ्याहून परतताना अर्ध्या तासात उरकतात. हौद, वरून पडणारं पाणी, दोन-चार फोटो, की पुढची गाडी. आम्ही या वेळी उलट्या वाटेनं गेलो. आधी डोंगर, मग तलाव आणि शेवटी शहर. छत्रपती संभाजीनगरचं पाणी असंच बघावं, असं आता माझं ठाम मत आहे, कारण या शहराच्या पाण्याचा सगळा इतिहास उंचीचा आहे. वरून खाली आलात तरच तो पायांना कळतो.

उजाडायच्या आत हर्सूल टी पॉइंट गाठला आणि जटवाड्याचा रस्ता धरला. डांबरी रस्ता आहे, दुचाकी किंवा रिक्षा आरामात जाते. खाम नदी याच डोंगरांत उगम पावते. डोंगर फार उंच नाहीत, पण शहराच्या माथ्यावर आहेत. पावसाचं पाणी झिजलेल्या काळ्या खडकात मुरतं आणि पायथ्याशी नदीपात्रालगत हळूहळू झिरपत राहतं. वरवर कोरडं दिसणाऱ्या पात्राखालीही ओल असते.

मलिक अंबरानं हे हेरलं. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला आणि १६१० मध्ये त्यानं खडकी वसवली, तेच आजचं संभाजीनगर. गावाच्या नावातच खडक. फौज, कारागीर, व्यापारी, जनावरं, सगळ्यांना पुरेल एवढं पाणी खाममध्ये बारमाही नव्हतं. म्हणून त्यानं धरण बांधून पाणी अडवण्याऐवजी डोंगराच्या पोटात मुरलेलं पाणी गोळा केलं आणि जमिनीखालून बांधीव नहरीतून शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. झाकलेली असल्यामुळे उन्हानं पाणी उडत नाही, त्यात घाण पडत नाही आणि शत्रूला ते सहज तोडताही येत नाही. शत्रूची बाब लहान नव्हती, मोगल सतत चालून येत होते. ठरावीक अंतरावर वर तोंड असलेली मॅनहोल बांधली, म्हणजे हवा खेळती राहते आणि माणूस आत उतरून गाळ काढू शकतो.

मला सगळ्यात थक्क करतो तो उतार. जास्त दिला तर पाणी चुन्याचं बांधकाम खातं, कमी दिला तर गाळ बसून नहर तुंबते. चारशे वर्षांपूर्वी, पंपाचा विचारही नसताना, डोंगरापासून शहरापर्यंत हा उतार साधला होता.

रस्त्याच्या कडेला एका शेताच्या बांधावर दगडी चौथऱ्यासारखं काही दिसलं म्हणून थांबलो. पलीकडे म्हैस बांधत असलेले एक आजोबा जवळ आले.

"नहर बघायलात का?" त्यांनी विचारलं.

"हो आजोबा. हे तिचंच मॅनहोल ना?"

"तिचंच. आमच्या लहानपणी इथं कान लावला की खळखळ ऐकू यायची. आता रस्ते झाले, प्लॉट पडले, कुठं कुठं बुजलं. तुम्ही दगड नका टाकू त्यात, एवढंच."

मागून येणाऱ्यांसाठी पहिली सूचना तीच. मॅनहोलवर चढू नका, आत वाकू नका, दगड टाकून खोली मोजू नका. बरीचशी मॅनहोल लोकांच्या शेतांत आहेत, तेव्हा विचारून पुढे जा. विचारलं की लोक कामं सोडून दाखवतात.

तिथून खाली हर्सूल तलाव. खामच्याच पाण्यावर भरणारा हा तलाव जळगाव रस्त्याला लागून आहे, अजिंठ्याला जाणाऱ्यांना तो डावीकडे-उजवीकडे न बघताही दिसावा असा. शहराच्या काही भागाला आजही इथून पाणी जातं. पाऊस चांगला झाला की तो काठोकाठ असतो आणि दुष्काळात तळ दाखवतो. दिवाळीच्या आसपास गेलात तर पाणीही असतं आणि पक्षीही. सकाळी लवकर जा, दुपारी काठावर सावली फार नाही. जवळच हर्सूल गावातलं हरसिद्धी मातेचं देऊळ आहे, नवरात्रात मात्र इथं यात्रा असते, तेव्हा गाडी लांब लावावी लागते.

मग शहरात उतरलो. दिल्ली दरवाजा, जुनं शहर, शहागंज. या भागात नहरीचं पाणी मातीच्या नळांतून हौदाहौदांत वाटलं जायचं. शहागंजच्या मशिदीचे हौद हा त्याचाच भाग. १६५३ मध्ये औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून परत आला आणि त्यानं शहराला आपलं नाव दिलं, औरंगाबाद. नाव बदललं तरी वाढत्या शहराला तहान भागवायला नहरींचाच आधार होता आणि पुढे आणखी नहरी बांधल्या गेल्या.

त्यांपैकी एक पाणचक्कीची. ती नहर-ए-अंबरीपेक्षा वेगळी, पण येते याच जटवाड्याच्या डोंगरांकडून. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याशी जोडून ही जागा उभी राहिली. डोंगरावरून आलो असल्यामुळे इथली करामत लगेच ध्यानात येते. नळातलं पाणी उंच भिंतीच्या आतून आपोआप वर चढतं, कारण त्याचा उगम या भिंतीहून वर आहे. वरून ते हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि दर्ग्यात येणाऱ्या फकीर-यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जायचं. दळून झालेलं पाणी वायाही जात नसे, पुढे वापराला जाई. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे ते दालन उन्हाळ्यात गार राहतं. ते न बघता परतू नका. आवारातल्या जुन्या वडाखाली जरा बसा. तिकीट लागतं. दर्ग्याचं आवार आहे हे लक्षात ठेवून कपडे घाला आणि शुक्रवारी दुपारची नमाजाची वेळ टाळा. मध्यवर्ती बसस्थानकापासून रिक्षानं काही मिनिटांत पोचता येतं. पाणचक्कीच्या अलीकडे लागणारा महेमूद दरवाजा अरुंद आहे, मोठी गाडी नेऊ नका. पुलावरून खामकडे एकदा बघाच. सकाळी डोंगरात पाहिलेली नदी इथे काय झाली आहे, ते पाहून जीव तुटतो.

वेळ उरला तर दौलताबाद. तिथला हत्ती हौद, किल्ल्यात शिरल्यावर डावीकडे. तिथंही पाणी डोंगरातून नळांनी यायचं. मोहम्मद तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी इथे हलवली, तेव्हा एवढ्या माणसांना पाणी कुठून, हा प्रश्न अंबराच्या आधी तीनशे वर्षं याच डोंगरांना विचारला गेला होता.

आणि पैठण रस्त्यावरची नक्षत्रवाडी चुकवू नका, जरी तिथे बघण्यासारखी इमारत नसली तरी. आजचं बहुतेक शहर जायकवाडीचं पाणी पितं. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्या धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी त्याचं लोकार्पण केलं. नाथसागराची, म्हणजे या धरणाच्या जलाशयाची, पूर्ण पातळी १५२२ फूट, शहर त्याहून सुमारे शंभर मीटर उंच. म्हणून पाणी तिथून उपसून, फारोळ्यात शुद्ध करून, नक्षत्रवाडीच्या टेकडीवरच्या टाक्यांत चढवतात आणि तिथून ते पुन्हा उतारानं शहरात सोडतात. वीज गेली की उपसा थांबतो आणि गल्लीतल्या नळाची वेळ पुढे सरकते, हे इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. टाक्यांच्या आवारात परवानगीशिवाय सोडत नाहीत, रस्त्यावरूनच टेकडी बघा. सकाळी जटवाड्याला जाऊन आला असाल तर शहराच्या दोन टोकांची उंची एकाच दिवसात मोजून होते.

एका दिवसात हे सगळं होतं, पण सहाच्या आत निघायला हवं. पाण्याची बाटली सोबत ठेवा, जटवाड्याच्या वाटेवर हॉटेलं कमी आहेत.