वॉरफरिनचा डोस बसेपर्यंत: माझा अनुभव

पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्यावर डॉक्टरांनी इंजेक्शनांसोबत वॉरफरिन हे रक्त गोठणं मंदावणारं औषध सुरू केलं. गोळी रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची आणि ती किती काम करतेय ते पीटी-आयएनआर या रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणाऱ्या तपासणीवरून ठरवायचं. हे औषध न घेणाऱ्या निरोगी माणसाचा आयएनआर साधारण १ असतो. माझा २ ते ३ च्या दरम्यान हवा होता. त्याखाली गेला की पुन्हा गुठळीचा धोका, फार वर गेला की रक्तस्रावाचा.

या तपासणीत रक्तातलं औषध मोजत नाहीत, त्याचा परिणाम मोजतात. निळ्या टोपणाच्या नळीत आधीच सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रावण, असतं. नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट हे प्रमाण सांभाळायचं असतं, म्हणून लॅबमधल्या ताई नळी खुणेपर्यंत भरल्याशिवाय सुई काढत नसत. रक्त कमी पडलं तर आकडा उगाच वाढीव येऊ शकतो. पुढे प्लाझ्मात, म्हणजे रक्तातल्या पेशी वगळून उरलेल्या द्रवात, गोठणं सुरू करणारं थ्रोम्बोप्लास्टिन आणि कॅल्शियम घालून तो गोठायला किती सेकंद लागतात ते बघतात. प्रत्येक लॅबचं थ्रोम्बोप्लास्टिन सारखं नसतं, त्यामुळे नुसते सेकंद ताडून बघण्यात अर्थ नाही; तो फरक हिशेबात धरून आयएनआर काढतात.

सुरुवातीला आकडा काही केल्या स्थिर होईना. डोस वाढवला तरी दुसऱ्या दिवशी फारसा फरक दिसायचा नाही. डॉक्टरांनी कारण सांगितलं: वॉरफरिन नवे गोठणघटक तयार होण्यात अडथळा आणतं, पण रक्तात असलेले जुने घटक संपायला वेळ लागतो. त्यातलं प्रोथ्रॉम्बिन निम्मं व्हायलाच अडीच-तीन दिवस जातात. त्यामुळे आज बदललेल्या डोसचा पूर्ण परिणाम कळायला काही दिवस थांबावंच लागतं. हे कळल्यावर माझी घालमेल बरीच कमी झाली.

तपासणीला भेटणाऱ्या एका काकूंचा डोस माझ्या निम्म्याहून कमी होता, तरी आयएनआर दोघांचा जवळपास सारखाच. वय, यकृताचं काम, सोबतची औषधं यांनी फरक पडतोच, शिवाय जनुकंही आहेत. सीवायपी२सी९ हे जनुक औषध शरीरातून किती वेगाने निघून जाईल ते ठरवतं, तर व्हीकेओआरसी१ मुळे शरीर त्याला किती दाद देईल ते ठरतं.

पुढे दाताच्या संसर्गासाठी मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक घ्यावं लागलं; त्याने वॉरफरिनचा परिणाम वाढतो. वॉरफरिन चालू असल्याचं मी आधीच सांगितलं होतं, म्हणून डोस कमी करून तपासणी लवकर ठेवली. तरीही आयएनआर ३.४ आला आणि कोर्स संपल्यावर हळूहळू उतरला. पालेभाज्यांतल्या व्हिटॅमिन के मुळे आकडा खाली येतो, पण त्या बंद करायची गरज नाही. रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं, एवढंच.

आयएनआरमध्ये सगळं दिसतं असंही नाही. ॲस्पिरिनने प्लेटलेट मंदावतात, रक्तस्राव वाढू शकतो, पण आकडा आहे तिथेच राहू शकतो. म्हणून रिपोर्ट कितीही चांगला असला तरी डॉक्टर दर वेळी विचारतात: हिरड्यांतून रक्त येतं का, शौचाचा रंग काळा आहे का, अंगावर काळे-निळे डाग उठतात का, आणि दुखण्यावर परस्पर कुठली गोळी घेतली का?