मॉड दिसला की आधी अंतर बघा

|क्ष| म्हणजे क्ष चा मॉड, म्हणजे शून्यापासूनचं त्याचं अंतर. पणजीला शून्य धरा. उत्तरेला म्हापसा सुमारे १३ किलोमीटर, म्हणजे −१३. दक्षिणेला मडगाव सुमारे ३३, म्हणजे +३३. 'पणजीपासून १० किलोमीटरच्या आत' म्हटलं की रस्त्याचा सलग एक तुकडा मिळतो. '१० पेक्षा लांब' म्हटलं की दोन: एक म्हापशाकडचा, एक मडगावकडचा. |क्ष| < १० आणि |क्ष| > १० यांत फरक एवढाच. तरी हायर सेकंडरीची मुलं दुसऱ्याचं उत्तर −१० > क्ष > १० असं लिहून मोकळी होतात. −१० हून लहान आणि १० हून मोठी अशी एकच संख्या आणणार कुठून?

पण मार्क जास्त जातात ते त्याआधीच्या पायरीला. ७ − २|३क्ष − ५| ≥ −१ याच्या पूर्णांक उकली किती? मॉड एका बाजूला एकटा उरेपर्यंत तो उघडायचा नाही. ७ पलीकडे नेला: −२|३क्ष − ५| ≥ −८. आता −२ ने भागायचं, म्हणजे चिन्ह उलटणार: |३क्ष − ५| ≤ ४. मग −४ ≤ ३क्ष − ५ ≤ ४. सगळीकडे ५ मिळवा, ३ ने भागा, १/३ ≤ क्ष ≤ ३. पूर्णांक १, २, ३, उत्तर ३. चिन्ह उलटायचं विसरलात तर क्ष ≤ १/३ किंवा क्ष ≥ ३ येतं आणि पूर्णांक मोजून संपत नाहीत. प्रश्न एक आकडा मागतोय आणि तुमच्याकडे अनंत उकली आल्या, तर भागाकाराची ओळ पुन्हा तपासा.

जेईई मेनला कॅल्क्युलेटर नाही. पर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तराचे ४, चुकीला −१. म्हणून पर्यायांतच संख्या घालून बघा. वरच्या उदाहरणात पर्याय म्हणून क्ष च्या किमती दिल्या असतील, तर क्ष = ० घालून बघा: ७ − १० = −३, बसत नाही; शून्य सामावणारे पर्याय गेले. (अमेरिकन कॉलेजांसाठी सॅट परीक्षा देणाऱ्यांची चैन आहे, स्क्रीनवरच डेस्मॉस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर मिळतो.)

दोन मॉडची बेरीज आली की बहुतेक जण तीन केसेस पाडत बसतात. |क्ष − १| + |क्ष − ४| ≤ ५ ला त्याची गरज नाही. |क्ष − १| म्हणजे १ पासूनचं अंतर, |क्ष − ४| म्हणजे ४ पासूनचं. १ आणि ४ यांच्यामध्ये कुठेही उभे राहा, दोन्ही अंतरांची बेरीज ३ च. बाहेर एक पाऊल टाकलं की बेरीज २ ने वाढते. शिल्लक २, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक पाऊल: ० ते ५, सहा पूर्णांक.

|क्ष + २| चा मध्य −२ असतो, २ नव्हे. |काहीही| < −२ ला उकल नाही. आणि ० < |क्ष − ३| ≤ २ मध्ये पूर्णांक चारच. डावीकडचं ते ० खुद्द ३ ला बाहेर काढतं.